परसातील तुळस आणि ख्रिस्तसभेची बाग

ख्रिस्तसभेचा इतिहास आपण सामान्यतः धर्मपरिषदा, मठस्थापना, छळ आणि प्रचारयात्रा यांच्या अनुषंगाने शिकतो व शिकवितो. परसाचा इतिहास कोणी शिकवीत नाही. वस्तुतः खेड्यातील श्रद्धावंताच्या दिवसाचा मोठा भाग घरामागील त्या चिंचोळ्या जागेत जातो. न्हाणीचे पाणी तेथे केळीच्या आळ्यात सोडलेले असते. खोकला झाला की अडुळशाची पाने तेथूनच येतात. अवचित आलेल्या पाहुण्यापुढे ठेवायचा पेरूही तेथलाच. एखाद्या कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्याच्या परसात काय राहिले, काय नव्याने लागले आणि काय उपटले गेले, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो धर्मांतराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

धर्मशिक्षकांच्या वर्गात एक पृच्छा वारंवार होते : ख्रिस्ती माणसाने दारी तुळस लावावी काय? विचारणाऱ्याला बहुधा 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते. परंतु या साध्या प्रश्नामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा, आणि त्याही मागे हजारबाराशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो ध्यानात न घेता दिलेले उत्तर, ते कोणतेही असो, अर्धवट ठरते.

आरंभ मठांच्या बागेपासून करू. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सहासष्टाव्या प्रकरणात पाणी, गिरणी व बाग या गोष्टी शक्यतो मठाच्या आवारातच असाव्यात, असे सांगितले आहे. हेतू व्यावहारिक होता. मठवासीयांना बाहेर भटकावे लागू नये. पण त्या व्यावहारिक वाक्यातून युरोपात बागांची एक मोठी परंपरा उगम पावली. स्वित्झर्लंडमधील संत गॉल मठाच्या ग्रंथालयात नवव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतील एक आराखडा आजही जपून ठेवलेला आहे. राइखेनाउ येथील मठात तो काढला गेला व संत गॉलचा मठाधिपती गोत्सबेर्ट याला पाठविण्यात आला. आदर्श मठ कसा असावा, हे त्यात रेखांकित केले आहे, आणि कोणत्या वाफ्यात काय लावावे तेही प्रत्येक वाफ्यावर लिहिले आहे. वैद्याच्या घराला लागून वनौषधींची सोळा वाफ्यांची बाग आहे. तीत साल्व्हिया, रोझमेरी, गुलाब व कमळिनीसारखी पांढरी लिली आहे; आपल्या स्त्रिया ज्याला सताप म्हणतात ते झुडूप आहे; पुदिना, बडीशेप आणि जिरे आहे; आणि मेथीही आहे. भाजीच्या बागेत कांदा, लसूण, मुळा, शेपू आणि कोथिंबीर. आल्प्सच्या पायथ्याशी बसलेल्या त्या संन्याशांचा मळा आपल्या परसापासून फार दूरचा नाही, हे पाहून मौज वाटते. पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देणाऱ्या परुश्यांना प्रभूने जे खडसावले, ते त्या बागेत काम करताना त्यांना आठवत असेलच.

या आराखड्यातील सर्वांत विलक्षण जागा मात्र वेगळीच आहे. फळबाग आणि दफनभूमी यांसाठी तेथे एकच आवार राखलेले आहे. मृत बांधवांच्या थडग्यांमधून सफरचंद, नासपती, अंजीर, पीच, बदाम, तुती, अक्रोड अशी झाडे लावायची आहेत आणि मधोमध क्रूस उभारायचा आहे. त्या क्रूसाजवळील लेखाचा आशय असा की, या भूमीतील सर्व वृक्षांत क्रूस हाच पवित्रतम वृक्ष असून सार्वकालिक तारणाची फळे त्याला लागतात. आपल्याकडे दफनभूमीतील झाडाचे फळ खायला लोक कचरतात. त्या मठवासीयांना तसे वाटले नसावे. योहान सांगतो, की प्रभूला जेथे क्रूसावर दिले त्या ठिकाणी बाग होती आणि बागेत नवी कबर होती. आणि पुनरुत्थित प्रभूला मग्दालिया मरियेने प्रथम माळी समजले. ज्याने हा आराखडा काढला, त्याच्या मनात हा संदर्भ नव्हता असे मानणे कठीण आहे.

त्याच राइखेनाउ मठात पुढे वालाफ्रिड स्ट्राबो हा मठाधिपती झाला. इ. स. ८४९ मध्ये लुआर नदी ओलांडताना तो बुडून वारला. तेव्हा त्याने चाळिशी नुकतीच गाठली होती. त्याचे लॅटिन पद्यातील 'हॉर्तुलुस', म्हणजे 'छोटी बाग', हे पुस्तक बागकामाच्या वाङ्मयात अजोड मानले जाते. त्याचा आरंभ फुलांच्या वर्णनाने होत नाही. दाराशी माजलेली खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपे उपटण्यापासून तो आरंभ करतो. खताच्या पाट्या उचलतो, ओंजळीने पाणी घालतो. हे पुस्तक त्याने संत गॉलच्या ग्रिमाल्ड या मठाधिपतीला अर्पण केले. अर्पणपत्रिकेत तो ग्रिमाल्डला पीचच्या झाडाखाली बसल्याचे कल्पितो, आणि भोवतालची शाळकरी मुले फळे वेचून त्याला देत आहेत, असे चित्र रंगवतो. फळझाडाखाली निवांत बसणे ही आळशी माणसाची चैन नव्हे. मीखा संदेष्ट्याने शांतीच्या राज्याचे जे चित्र उभे केले, त्यात प्रत्येकजण आपल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली बसलेला आहे, आणि त्याला कोणी भेडसावणारा नाही.

भेडसावणारा नसणे, ही त्या चित्रातील मुख्य अट आहे. आता आपण गोव्यात येऊ.

इ. स. १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला, आणि मग परत गेलाच नाही. गोव्यात त्याची स्वतःची बाग होती. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. तेथेही त्याचे घर आणि बाग होती, आणि आपल्या त्या बेटावरील एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे तो कौतुकाने लिहितो. 'भारतातील साध्या वनस्पती व औषधी यांविषयी संवाद' या आशयाचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक विद्वान युरोपातून येतो व प्राचीनांच्या पुस्तकी वचनांचा आधार घेत प्रश्न विचारतो. ओर्ता त्याला झाडच दाखवतो. एखादे पान अथवा फळ हवे असले की तो अंतोनिया या आपल्या दासीला हाक मारतो, आणि ती ते घेऊन येते. एका संवादात मालुपा नावाचा हिंदू वैद्य स्वतः येऊन बोलतो. पुस्तकातल्या ज्ञानापेक्षा परसातले ज्ञान खरे मानणारा हा युरोपीय मनुष्य त्या काळात दुर्मीळच म्हटला पाहिजे. माझे मत विचाराल तर, त्या ग्रंथाची खरी सहलेखिका अंतोनिया आहे. कोणते पान कोठे मिळते हे तिला ठाऊक नसते, तर रुआनोला दाखवायला धन्याजवळ फारसे काही उरले नसते.

ओर्ताचा जन्म सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबात झाला होता. इ. स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. संत गॉलच्या आराखड्यात मृतांच्या हाडांवर फळझाडे लावायची होती. येथे हाडांनाही मातीत विसावा मिळाला नाही. पणजीत आज एक सार्वजनिक उद्यान त्याच्या नावाने ओळखले जाते.

याच काळात गोव्याच्या परसांचे रूप पालटत होते. अननस, पपई, काजू, पेरू, सीताफळ, मिरची ही आज आपल्याला अगदी घरची वाटणारी झाडे अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांनी आणली. ती कोणत्या वर्षी कोणी आणली, हे प्रत्येकाविषयी सांगता येत नसले तरी क्रम थोडाफार दिसतो. ओर्ताच्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तोबाल आकोस्ताच्या ग्रंथात मात्र कोचीतील बागांमध्ये पाहिलेला काजू आहे. अननस, काजू, पपई ही नावेही पोर्तुगीजांच्याच तोंडून मराठीत आली. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरात कोणी पपई कापतो, तेव्हा अटलांटिकपलीकडचा एक शब्द त्याच्या जिभेवर असतो. त्याची त्याला जाणीव नसते, आणि असण्याचे कारणही नाही. फळ रुजले की त्याचे परकेपण संपते.

आंब्याचे तसे नाही. आंबा येथलाच. त्यावर परक्यांनी केला तो संस्कार कलमाचा. गोव्यात उत्तम आंब्यांची कलमे बांधण्याचे श्रेय परंपरेने येशूसंघीय धर्मगुरूंना दिले जाते. मुसराद, मानकुराद, फेर्नांदिन, कुलास अशी जातींची नावे त्या काळाची साक्ष देतात. मानकुराद म्हणजे मूळचे 'मालकोरादा', रंग नीट न चढलेला. हापूस या नावाविषयी आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, की ते अफोंसो द आल्बुकेर्कवरून पडले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात वावरलेला निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी वेगळीच नोंद करतो. उत्तम आंबे गोव्यात होतात असे सांगून त्याने जातींची जी यादी दिली आहे, तीत एक नाव 'निकोलाव अफोंसोचा आंबा' असे आहे. सेनापतीऐवजी एखाद्या बागाइतदाराच्या नावाने हापूस ओळखला जात असावा, ही शक्यता मला अधिक रुचते. त्याच यादीत 'आमच्या पवित्र मातेचा आंबा' हेही नाव आहे.

भेटकलम कसे बांधतात, ते खेड्यात राहणाऱ्या वाचकांनी पाहिलेले असेल. तरी पुढील विवेचनासाठी ते थोडे विस्ताराने सांगतो. रायवळ आंब्याची कोय रुजवून खुंटरोप तयार करतात. ते कुंडीसह उचलून उत्तम जातीच्या मोठ्या झाडाजवळ नेतात. रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या कोवळ्या फांदीची साल सारख्याच लांबीवर तासून दोन्ही जखमा एकमेकींना भिडवतात व घट्ट बांधतात. या अवस्थेत दोघांचीही मुळे शाबूत असतात. रोप आपल्या मुळांतून पाणी घेते, फांदी आपल्या झाडाकडून. दोनतीन महिन्यांनी सांधा एकजीव झाला, म्हणजे दोन काप घेतात. रोपाचा शेंडा सांध्याच्या वर कापतात, आणि फांदी सांध्याच्या खाली मातृवृक्षापासून तोडतात. उरते ते एक झाड. मूळ रायवळाचे, फळ हापूसचे. घाईने कापले तर फांदी वाळते. आणि मातृवृक्षापासून कधीच तोडले नाही, तर कलम म्हणून ते कोठेही नेऊन लावता येत नाही.

संत पौलाने रोमकरांस लिहिताना रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनाला जोडल्याची उपमा योजली आहे, आणि हे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे, हेही त्याने लगेच कबूल केले आहे. माळी याच्या उलट करतो. पौल येथे अन्यधर्मीयांना इस्राएलाच्या मुळाचा मान राखायला सांगत आहे. त्याची उपमा त्या प्रयोजनापुरती आहे, आणि तेथे ती अचूक आहे. पण शुभवार्ता एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा काय घडते हे समजून घ्यायला गोव्याच्या माळ्याचे भेटकलम मला अधिक उपयोगी वाटते. त्यात स्थानिक मुळाला हात लावायचा नसतो.

दुर्दैवाने गोव्यात मुळालाच हात लागला. इ. स. १७३६ मध्ये धर्मन्यायासनाने गोव्यातील ख्रिस्ती लोकांसाठी एक विस्तृत फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात, जो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा परिचय करून दिला आहे. लग्नातील गाणी, वधूवरांना हळद व तेल लावणे, विड्याची पाने, सुपारी व फुले वाटणे, मिठाविना भात शिजविणे, एकादशीला उपवास करणे, धोतर व चोळी नेसणे, अशा अनेक गोष्टी त्यात निषिद्ध ठरविल्या आहेत. आणि तुळशीविषयी आज्ञा आहे, की ती घरी, अंगणात वा बागेत ठेवू नये. असल्यास उपटून टाकावी. हे फर्मान वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. हळद, नारळ, पानवेल, पोफळी, फुले, तुळस ही जवळजवळ परसाचीच यादी आहे. देवळे केव्हाच गेली होती. मूर्तीही गेल्या होत्या. आता सत्तेचा हात घरामागच्या वाफ्यापर्यंत पोहोचला होता.

नाबोथाची कथा येथे आठवावी. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो कशासाठी, तर राजवाड्याजवळ भाजीचा मळा करावा म्हणून. हेतू किती किरकोळ! परंतु नाबोथाला ते वाडवडिलांचे वतन होते. सत्ताधीशाला जे दोन वाफे वाटतात, ते प्रजेला वतन असते.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तुळस हे केवळ औषधी झुडूप नव्हते. तिची पूजा होत होती, कार्तिकात तिचे लग्न लागत होते, वृंदावनापुढे दिवा लावला जात होता. नवख्रिस्ती स्त्री सकाळी तुळशीला पाणी घालून नमस्कार करते, तेव्हा ती कोणाला नमस्कार करते, असा प्रश्न धर्माधिकाऱ्यांना पडणे स्वाभाविक होते. मूर्तिपूजेपासून दूर राहा, हे पौलाचे सांगणे तेही वाचत होते. चूक प्रश्नात नव्हती. प्रश्नाचे उत्तर शिकवणुकीने देण्याऐवजी फर्मानाने व शिक्षेच्या भयाने दिले गेले, तेथे चूक झाली.

आणि ही त्या वेळच्या ख्रिस्तसभेची एकमेव दृष्टी होती, असेही नाही. रोबेर्तो द नोबिली यांनी मदुराईत नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे, शेंडी व चंदन ठेवू दिले, तेव्हा १६१९ मध्ये गोव्यात भरलेल्या सभेत त्यांना कडाडून विरोध झाला. परंतु पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये नोबिलींच्या बाजूने निर्णय दिला. चंदन हेही झाडच. ते सौंदर्य, स्वच्छता व सामाजिक दर्जा यांचे चिन्ह असू शकते, केवळ उपासनेचे नव्हे, हा विवेक रोमने १६२३ मध्ये दाखविला. १६५९ मध्ये धर्मप्रसार मंडळाने आशियात जाणाऱ्या आपल्या धर्माधिकाऱ्यांना सूचना दिली, की लोकांचे आचार जोवर श्रद्धा व नीती यांच्या उघड विरोधात नाहीत, तोवर ते बदलू नयेत. पुढे वारे फिरले. १७०४ मध्ये पाँडिचेरीत पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी लग्नातील नारळ फोडण्याच्या शकुनासह कित्येक चालींवर बंदी घातली आणि १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्या बंदीवर बहुतांशी शिक्कामोर्तब केले. गोव्यातील फर्मान या उतरत्या काळातले आहे.

फर्मानाचा परिणाम काय झाला? तुळस गेली. तिच्या जागी अनेक ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर क्रूस उभा राहिला. त्याची घडण वृंदावनाची आठवण करून देणारी आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण बाकीचे परस हटले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा 'रोस' गोव्याच्या कॅथलिक घरांत आजही होतो. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या वेळी 'उंबराचे पाणी' आणले जाते. झाडाचे नाव विधीला चिकटून राहिले आहे. चोवीस जूनला, संत योहान बाप्तिस्त याच्या सणाला, गोव्यात फुलापानांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या घेतात, आणि जावयाच्या निमित्ताने फणस, आंबे, अननस यांची देवाणघेवाण होते. त्यांतला फणस व आंबा येथला, अननस ब्राझीलचा. पाच ऑगस्टला रायच्या देवालयात नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादित होतात. इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले. परस चालूच आहे.

आता एक गोष्ट अशी, की जी १७३६ मध्ये गोव्याच्या न्यायाधीशांच्या विचारात आलेली दिसत नाही. तुळशीची सख्खी बहीण म्हणावी अशी वनस्पती म्हणजे सब्जा. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींना एकाच 'ओसिमम' प्रजातीत घालतात. ग्रीक लोक सब्जाला 'वासिलिकोस', म्हणजे राजेशाही, म्हणतात. पौर्वात्य ख्रिस्तसभेत अशी परंपरा आहे, की सम्राज्ञी हेलेना हिने यरुशलेमेत प्रभूचा क्रूस शोधला, तेव्हा ज्या जागी तो पुरलेला होता तेथे हे सुगंधी झुडूप उगवलेले आढळले. म्हणून चौदा सप्टेंबरला, पवित्र क्रूसाच्या सणाला, ग्रीक देवालयात क्रूस सब्जाच्या डहाळ्यांवर ठेवून मिरवतात. आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात तेही सब्जाच्या जुडीने. आख्यायिकेला इतिहासाचे वजन देऊ नये, हे खरे. परंतु विधी हा इतिहासच आहे. तो शतकानुशतके चालत आला आहे. एका समुद्राच्या काठी ख्रिस्तसभा जे झुडूप क्रूसाखाली अंथरीत होती, त्याच कुळातले झुडूप दुसऱ्या समुद्राच्या काठी ती क्रूसाच्या नावाने उपटीत होती. झुडपाचा गंध दोन्हीकडे सारखाच होता.

गोव्यातून बाहेर पडलेल्यांचे काय झाले, हेही येथेच पाहू, कारण या बुलेटिनचे बरेच वाचक पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी समाजातले आहेत. पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून गेलेल्या कोकणी समाजाची एक मोठी वसाहत कोचीत होती. डच अधिकारी हेंड्रिक वान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या कामाला आरंभीची चालना देणारा व चित्रे काढून देणारा मनुष्य होता माथेउस हा कार्मेलाइट संघाचा इटालियन संन्यासी. पुढे मजकूर सिद्ध करण्यात कासेआरिउस या प्रॉटेस्टंट उपदेशकाने मोठा वाटा उचलला. वनस्पतींचे ज्ञान पुरविले इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याने; आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी आपल्या ग्रंथांच्या आधारे साह्य केले. त्या तिघांचे १६७५ मधील प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. कॅथलिक संन्यासी आणि प्रॉटेस्टंट उपदेशक त्या काळी एका पंगतीला बसले नसते. एळवा आणि ब्राह्मण तर नाहीच नाही. झाडापुढे ते सर्व आले. बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पत्र पाठवून सांगितले होते, की बागा लावा आणि त्यांची फळे खा. रंग भट आणि त्यांचे सोबती ते पत्र वाचणे शक्य नव्हते. त्यांनी केले मात्र तेच.

मराठी ख्रिस्ती वाचकाला विल्यम केरीचे नाव १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे, १८१० च्या कोशामुळे आणि मराठी नव्या करारामुळे परिचित असते. श्रीरामपूरच्या त्याच्या बागेविषयी फारसे कोणी बोलत नाही. तेथे त्याने देशोदेशीची झाडे लावली, १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्या मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला, रॉक्सबर्गचा वनस्पतिग्रंथ संपादून छापला. १८२३ च्या पुरात ती बाग वाहून गेली. साठी ओलांडलेल्या केरीने ती पुन्हा उभारली. शेवटच्या आजारात त्याला चिंता होती ती ही, की आपल्या पश्चात बंधू मार्शमन बागेत गाई सोडतील. ज्याने बायबलच्या अनेक भाषांतरांना जन्म दिला, त्याला अंतकाळी गाईंची काळजी वाटावी, हे ऐकून कोणी हसेल. मला तो माणूस त्यामुळे अधिक जवळचा वाटतो.

आता मूळ पृच्छेकडे वळतो. करिंथकरांपुढे मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याचा प्रश्न होता. पौलाने तेथे दोन गोष्टी एकत्र सांगितल्या : पृथ्वी व तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे; आणि तरीही दुर्बळ बांधवाच्या सद्सद्विवेकाला धक्का लागेल असे वागू नका. तुळशीविषयी माझे उत्तर याच दोन टोकांमध्ये येते. जेथे कुटुंब नुकतेच श्रद्धेत आले आहे, जेथे दारची तुळस म्हणजे जुनी पूजा असाच अर्थ घरात व शेजारी घेतला जाईल, तेथे धर्मशिक्षकाने घाई करू नये. 'लावाच' असेही म्हणू नये आणि 'उपटा' असे तर मुळीच म्हणू नये. सांधा एकजीव होईपर्यंत दोन्ही मुळे राहू द्यावीत. जेथे चारपाच पिढ्यांची श्रद्धा आहे, तेथे परसातल्या वाफ्यात, पुदिना, गवती चहा, ओवा, अडुळसा यांच्या रांगेत तुळस असण्याला माझी काहीही हरकत नाही. सर्दीपडशाला तिचा काढा देताना कोणाची श्रद्धा ढळल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मात्र शेजारच्या हिंदू घरात ती पूजनीय आहे, हे आपल्या मुलांना सांगावे, आणि तिची हेळसांड होऊ देऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते नाकारू नये असे सांगितले. त्या वचनाचे पालन पुष्कळदा अशा लहान गोष्टींतूनच होते.

एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. रोमन विधिग्रंथात पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, पंधरा ऑगस्टला, वनौषधींना आशीर्वाद देण्याचा जुना विधी आहे. पोलंड, जर्मनी आदी देशांत त्या दिवशी लोक आपापल्या बागेतील औषधी झुडपांच्या व फुलांच्या जुड्या देवालयात आणतात. आपल्याकडे हा विधी फारसा केला जात नाही, वास्तविक ऑगस्टात आपली परसे ऐन भरात असतात. येत्या पंधरा ऑगस्टला ज्या धर्मग्रामांत शक्य असेल तेथे धर्मगुरूंनी हा विधी करून पाहावा. आदल्या रविवारी तशी सूचना द्यावी, आणि धर्मशिक्षकांनी मुलांकडून घरच्या झाडांची नावे लिहून घ्यावीत. आजीने बांधून दिलेल्या जुडीत काय काय असावे, हे मात्र आजीवरच सोपवावे.